डेझिग्नेटेड हिटर हॉल ऑफ फेमच्या तोलाचा आहे का, हे कसं तपासायचं

अमेरिकेतल्या अव्वल बेसबॉलच्या दोन लीगपैकी अमेरिकन लीगने १९७३ साली पिचरऐवजी (चेंडू टाकणाऱ्याऐवजी) फक्त बॅटिंग करणारा एक खेळाडू ठेवायला परवानगी दिली. तोच डेझिग्नेटेड हिटर, म्हणजे डीएच. आयपीएलमधला इम्पॅक्ट प्लेअर पाहिलेल्यांना अंदाज येईल, पण डीएच हेच काम हंगामभर, वर्षानुवर्षं करतो. दुसऱ्या, म्हणजे नॅशनल लीगने हा नियम कायमचा स्वीकारला तो थेट २०२२ मध्ये. एवढ्या काळात आक्षेप मात्र एकच राहिला: क्षेत्ररक्षण न करणारा हा अर्धाच खेळाडू, त्याला कूपर्सटाउनमध्ये, म्हणजे बेसबॉलच्या हॉल ऑफ फेममध्ये, जागा कशाला? आक्षेपात तथ्य आहे. पण क्षेत्ररक्षण न केल्याचं नुकसान धावांत मोजता येतं, आणि ते एकदा वजा केलं की पुन्हा वजा करायचं नाही. बहुतेक वाद इथेच घसरतात.

आधी तो खरोखर किती डीएच होता ते बघा. बेसबॉल रेफरन्स या आकडेवारीच्या संकेतस्थळावर प्रत्येक खेळाडूच्या पानावर जागेनुसार सामने दिलेले असतात. डेव्हिड ऑर्टिझचे २४०८ पैकी २०२८ सामने डीएच म्हणून, म्हणजे सुमारे ८४ टक्के. एडगर मार्टिनेझचे २०५५ पैकी १४०३, म्हणजे ६८ टक्के; आधीची काही वर्षं तो थर्ड बेसवर होता. पॉल मॉलिटरचे २६८३ पैकी ११७४, निम्म्याहून कमी. मॉलिटर २००४ मध्ये हॉलसाठीच्या पत्रकारांच्या मतदानात पहिल्याच वर्षी निवडला गेला, कारण त्याला कुणी 'फक्त डीएच' म्हटलंच नाही. प्रमाण निम्म्याच्या खाली असेल तर हा प्रश्न बाजूला ठेवा आणि खेळाडूला नेहमीच्या मापाने मोजा.

मग बॅटिंग. इथे हिट्सच्या एकूण आकड्याने फसायला होतं. हॅरल्ड बेन्स या आणखी एका डीएचचे २८६६ हिट्स आहेत, मार्टिनेझचे २२४७. पण ओपीएस प्लस बघा, म्हणजे बेसवर पोचणं आणि मोठे फटके मारणं यांचा एकत्रित आकडा. त्यात मैदान आणि त्या काळची लीग यांचा परिणाम वगळलेला असतो आणि १०० म्हणजे सरासरी बॅटर. बेन्स १२१, ऑर्टिझ १४१, मार्टिनेझ १४७. मार्टिनेझला कायमची जागा मिळाली ती १९९० मध्ये, वयाच्या सत्ताविसाव्या वर्षी, म्हणून त्याची बेरीज लहान दिसते. १९९५ ते २००१ या सातही हंगामांत त्याची हिट्सची सरासरी ०.३०० च्या वर (दहा प्रयत्नांत तीनहून जास्त हिट्स) होती आणि दर हंगामात शंभरातल्या किमान बेचाळीस वेळा तो बेसवर पोचला. डीएचकडे दाखवायला दुसरं काहीच नसतं, म्हणून आम्ही १४० हा उंबरठा धरतो. त्याखालचा डीएच बहुधा दीर्घकाळ टिकलेला चांगला बॅटर असतो, त्याहून अधिक नाही.

आता मुख्य हिशेब. 'वॉर' हा आकडा सांगतो की खेळाडूने सहज मिळणाऱ्या बदली खेळाडूपेक्षा संघाला किती विजय जास्त मिळवून दिले. त्यात प्रत्येक जागेची वजाबेरीज आधीच केलेली असते. फॅनग्राफ्स या संकेतस्थळाच्या मापात पूर्ण १६२ सामन्यांच्या हंगामामागे शॉर्टस्टॉपला (क्षेत्ररक्षणाच्या एका अवघड जागेला) ७.५ धावा जास्त मिळतात, फर्स्ट बेसच्या १२.५ कापल्या जातात आणि डीएचच्या १७.५. साधारण दहा धावांना एक विजय धरायचा. मार्टिनेझच्या १४०३ सामन्यांना हे लावून बघा: १४०३ भागिले १६२, गुणिले १७.५, म्हणजे सुमारे १५० धावा, पंधरा विजय. ऑर्टिझचे याच रीतीने बावीसच्या आसपास कापले जातात. बेसबॉल रेफरन्सचं माप थोडं वेगळं आहे, पण रीत तीच.

एवढं कापूनही बेसबॉल रेफरन्सवर मार्टिनेझचा वॉर ६८ च्या वर उरतो. तो पाहून कुणी म्हणालं, 'हो, पण फील्डिंग केली नाही ना', तर ती दुसऱ्यांदा केलेली वजाबाकी झाली. आणखी एक तपासणी करून बघा. एखाद्या फर्स्ट बेसमनच्या क्षेत्ररक्षणाने हंगामाला पाच धावांचं नुकसान होत असेल, तर त्याचे १२.५ आणि ५ मिळून डीएचइतकेच १७.५ होतात. लेफ्ट फील्डची वजाबेरीज ७.५ ची, म्हणजे तिथे दहा धावा घालवणाराही त्याच पातळीवर येतो. कच्चं क्षेत्ररक्षण करणारे जोरदार बॅटर हॉलमध्ये आहेत आणि त्यांच्या हातात ग्लव्ह होता म्हणून कुणी अडवलं नाही. संघाला इजा होऊ नये म्हणून ज्याला ग्लव्ह दिलाच नाही, त्याला जास्त शिक्षा देणं आम्हाला अन्याय वाटतं.

शिखर किती उंच होतं हेही बघा. बेसबॉल लेखक जे जॅफीची 'जॉज' पद्धत सोपी आहे: एकूण वॉर आणि सर्वोत्तम सात हंगामांचा वॉर यांची सरासरी. मार्टिनेझ सुमारे ५६, ऑर्टिझ ४५, बेन्स ३०. बेन्स पत्रकारांच्या मतदानात कधीच ६.१ टक्क्यांच्या वर गेला नाही, २०११ मध्ये यादीत टिकण्यासाठीची ५ टक्क्यांची अटही चुकली आणि तो यादीतून बाहेर पडला. डिसेंबर २०१८ मध्ये हॉलच्या सोळा जणांच्या वेगळ्या समितीने बारा मतांनी त्याला आत घेतलं. त्याचं नाव पुढच्या कुणासाठी मापदंड म्हणून वापरू नका. 'बेन्स आहे तर हा का नाही' हा युक्तिवाद दार इतकं रुंद करतो की प्रश्नच उरत नाही.

ऑर्टिझचा वॉर ५५ च्या आसपास, म्हणजे सीमेवरचा. तिथे पोस्टसीझनचं, म्हणजे हंगामानंतर ऑक्टोबरमध्ये होणाऱ्या विजेतेपदाच्या सामन्यांचं, वजन घालायचं. त्याच्या तीन विजेतेपदांपैकी २०१३ च्या वर्ल्ड सिरीजमध्ये (अंतिम मालिकेत) त्याने १६ पैकी ११ हिट्स मारले आणि तोच मालिकेचा सर्वोत्तम खेळाडू ठरला. ५४१ होम रनांसह २०२२ मध्ये मतदानाच्या पहिल्याच वर्षी त्याला ७७.९ टक्के मतं मिळाली, लागतात ७५. मात्र ३० वॉरच्या खेळाडूला एका चांगल्या ऑक्टोबरने ५५ वर नेऊ नका.

मतपत्रिकेची अडचणही लक्षात घ्या. मतदाराला जास्तीत जास्त दहाच नावं लिहिता येतात. गर्दीच्या वर्षी डीएचचं नाव आधी कापलं जातं. मार्टिनेझ २०१० मध्ये ३६.२ टक्क्यांवर होता, २०१४ मध्ये २५.२ वर घसरला आणि २०१९ मध्ये, दहाव्या म्हणजे शेवटच्या संधीत, ८५.४ टक्क्यांनी आत गेला. मधल्या काळात त्याने एकही चेंडू मारला नव्हता. त्यामुळे आरंभीची कमी टक्केवारी हा नालायकीचा पुरावा धरू नका.

सरावासाठी नेल्सन क्रूझ घ्या. २०२३ नंतर निवृत्त झाल्यामुळे त्याचं नाव २०२९ च्या मतदानात येऊ शकतं. ४६४ होम रन, पण वॉर ४० च्या जरासा वर, आणि बरेच सामने आउटफील्डमध्ये, म्हणजे सगळी घट डीएचवर ढकलता येत नाही. शिवाय २०१३ मध्ये ताकद वाढवणाऱ्या बंदी असलेल्या औषधांच्या प्रकरणात ५० सामन्यांची बंदी झालेली, आणि मतदानाच्या नियमात सचोटी हा शब्द स्पष्ट लिहिलेला आहे. या मापाने आमचं मत त्याला जात नाही, आणि त्याला कारण डीएच असणं हे नाही.