जुना ॲम्प्लिफायर की नवा? तुलना करताना या चुका टाळा

बुधवार-रविवारच्या जुन्या बाजारातून आणलेला ॲम्प्लिफायर नव्या साउंडबारशेजारी ठेवून अर्ध्या तासात निकाल देणारे पुण्यात पुष्कळ आहेत. कुणी म्हणतं, जुन्याची सर नव्याला नाही. कुणी म्हणतं, जुनं सगळं भंगार. दोघांनीही ऐकलेलं बहुतेक वेळा त्या यंत्राचं नसतं, जोडणीतल्या किंवा देखभालीतल्या चुकीचं असतं.

पिन लावण्याआधी मागची पट्टी वाचा. जपानच्या घरगुती बाजारासाठी बनलेला सेट 100 व्होल्टचा असतो, अमेरिकेतला 120 चा. आपल्या 230 व्होल्टवर तो थेट लावला तर ट्रान्सफॉर्मर जळू शकतो. काही सेटना मागे व्होल्टेज बदलायची सोय असते. नसेल तर स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर घ्या. टर्नटेबलला मात्र तेवढ्याने भागत नाही, आणि ही गोष्ट विकणारे क्वचितच सांगतात. जुन्या टर्नटेबलची साधी एसी मोटर विजेच्या फ्रिक्वेन्सीवर चालते. अमेरिकेत ती 60 हर्ट्झ, आपल्याकडे 50. स्टेप-डाउन फक्त व्होल्टेज उतरवतो, त्यामुळे 33⅓ ची तबकडी मिनिटाला सुमारे 28 फेरेच घेते आणि काळी तीनमधलं गाणं काळी दोनच्याही किंचित खाली उतरतं. ‘जुन्या रेकॉर्डचा आवाज कसा भारदस्त!’ असं वाटत असेल तर आधी वेग तपासा. 50 हर्ट्झची पुली बसवली की प्रश्न मिटतो.

वर्षानुवर्षं माळ्यावर पडलेला सेट एकदम चालू करू नका. टापकीर गल्लीत सिरीज बोर्ड मिळतो किंवा करून घेता येतो. त्यात सेटच्या सिरीजमध्ये फिलामेंटचा 60 किंवा 100 वॅटचा बल्ब असतो. सुरुवातीला भपकन पेटून मंद झाला तर ठीक. प्रखर पेटलेलाच राहिला तर आत शॉर्ट असण्याची शक्यता आहे, तिथेच थांबा. झाकण उघडून स्वतः हात घालू नका, पिन काढल्यावरही कपॅसिटरमध्ये चार्ज उरतो. व्हॉल्व्हचा ॲम्प्लिफायर असेल तर स्पीकर जोडल्याशिवाय चालवू नका, आउटपुट ट्रान्सफॉर्मर जाऊ शकतो.

व्हॉल्यूम फिरवताना खरखर, एका बाजूचा आवाज मधूनच गायब, बास फाटलेला, हा जुन्या काळाचा ‘स्वभाव’ नव्हे. खरखर बहुधा व्हॉल्यूमच्या बटणामागच्या मळलेल्या पोटेन्शिओमीटरची असते आणि कॉन्टॅक्ट क्लीनरने जाते. फाटलेल्या बासमागे अनेकदा स्पीकरच्या कडेचा फोम असतो. तो काही वर्षांत भुगा होतो, आणि पुण्याचा पावसाळा त्याला साथच देतो. नवी कडा बसवून घेता येते. सर्व्हिसिंग न केलेल्या यंत्रावरून त्याच्या काळाला नावं ठेवणं मला अन्यायाचं वाटतं.

टर्नटेबल ॲम्प्लिफायरच्या ऑक्स या साध्या इनपुटला जोडलं की आवाज बारीक आणि पिचका येतो, कारण सुई बसवलेल्या मॅग्नेटिक कार्ट्रिजचा सिग्नल जेमतेम काही मिलिव्होल्टचा असतो. शिवाय रेकॉर्ड कापताना बास मुद्दाम कमी आणि ट्रेबल जास्त ठेवलेला असतो. 1954 पासून त्याला आरआयएए हे प्रमाण आहे. हे उलटं फिरवून मूळ आवाज परत आणायचं काम फोनो प्रीॲम्पचं. नव्या टर्नटेबलमध्ये तो अनेकदा आतच असतो. मग ते पुन्हा ॲम्प्लिफायरच्या फोनोला, म्हणजे टर्नटेबलसाठीच्या इनपुटला, जोडलं तर आवाज फाटतो. सारखी घूं घूं येत असेल तर अर्थिंगची बारीक वायर लावली आहे का ते पाहा. 78 च्या तबकडीला एलपीची सुई लावू नका. 78 ची खाच बरीच रुंद असते. बारीक सुई तळाशी घासते आणि खरखरच ऐकवते.

आता खरी तुलना. जो आवाज किंचित मोठा, तो कानाला चांगला वाटतो. म्हणून दोन्हींची पातळी एकाच जागेवरून, मोबाइलवरच्या डेसिबल मीटरने का होईना, सारखी करा. जुन्यावरचं लाउडनेसचं बटण बंद ठेवा, ते बास वाढवतं. पीएमपीओचे, म्हणजे क्षणिक कमाल ताकदीचे, हजारो वॅट विसरा आणि दोन्हींचे आरएमएस, म्हणजे सतत मिळणारे, वॅट पाहा. वॅट दुप्पट झाले तरी फक्त 3 डेसिबल वाढतात. शक्यतो दोन्ही ॲम्प्लिफायर एकाच स्पीकरवर, एकाच खोलीत ऐका. वाड्यातल्या गाद्या-कपाटांच्या खोलीतला आवाज आणि टाइल्स-काचांच्या फ्लॅटमधला घुमणारा आवाज यांतला फरक ॲम्प्लिफायरच्या खात्यावर टाकू नका. तबल्याच्या बायाँची मींड आणि तानपुऱ्याची जवार ऐका, तिथे फरक लवकर कळतो. माझं मत विचाराल तर चांगल्या नव्या ॲम्प्लिफायरला नाकं मुरडण्याचं कारण नाही. जुने मोठे स्पीकर मात्र दुरुस्त करून जरूर वापरावेत, बास देण्यात सडपातळ साउंडबार त्यांच्या जवळपास येत नाहीत.

नवा टीव्ही जुन्या ॲम्प्लिफायरला जोडताना आवाजच येत नसेल तर घाबरू नका. टीव्हीच्या ऑप्टिकल आउटपुटसाठी छोटा डॅक, म्हणजे डिजिटल सिग्नलचा ॲनालॉग करणारा डबा, लागतो, आणि टीव्हीच्या सेटिंगमध्ये डिजिटल आउटपुट पीसीएम या साध्या स्वरूपावर ठेवावं लागतं.