इंजिनवाल्या सायकलची चेन सारखी उतरते? पाना उचलायच्या आधीची तयारी

चेन उतरली की आपला हात आधी टेन्शनरकडे, म्हणजे चेन ताणून धरणाऱ्या चक्रीकडे जातो, जरा ताणून घेतो, पुढच्या घाटीत ती परत उतरते, परत ताणतो, असं चालूच राहतं. माझं ठाम मत आहे की घरी इंजिनचं किट बसवून केलेल्या सायकलवर बहुतेक वेळा चेनचा दोष नसतो, दोष मागच्या चाकात आणि त्याच्यावर बसवलेल्या मोठ्या स्प्रॉकेटमध्ये, म्हणजे चेनच्या दातेरी चक्रात असतो. म्हणून ही तयारी चाकापासून सुरू करायची, चेन सगळ्यात शेवटी.

आधी सामान जमवा, कारण अर्ध्या कामात बाजारात जायला लागलं की तो दिवस गेलाच. १० नंबरपासून पुढचे पाने, पक्कड, स्क्रू ड्रायव्हर, कानस, चेन तोडायचं टूल, सुताराची पट्टी नाहीतर टेप, रॉकेल, जुना टूथब्रश, फडकी, ९० नंबर गियर ऑइल, नायलॉक नट (आत नायलॉनची कडी असलेले, आपोआप ढिले न होणारे). आणि चेनची टोकं जोडणारे दोन जास्तीचे लॉक आणि एक हाफ लिंक, म्हणजे लांबी एका कडीने बदलता यावी म्हणून वापरायची खास कडी, हे आधीच मागवून ठेवा. इंजिनची चेन ४१५ नंबरची असते, तालुक्याच्या बाजारात साधारण मिळत नाही. दुकानदार चांगल्या मनाने बाइकची ४२८ काढून देईल, पिच, म्हणजे दोन पिनांमधलं अंतर, दोघांचा अर्धा इंचच आहे त्यामुळे बसल्यासारखी वाटते पण ४२८ चा रोलर जाड आणि रुंदी जास्त, ती दातात नीट बसतच नाही. आणि साधी सायकलची चेन उलटी अरुंद पडते, ४१५ च्या दातावर ती शिरतच नाही. पावसाळ्यापूर्वीच ऑर्डर टाका.

इंजिन पूर्ण थंड, प्लगची कॅप काढलेली, सायकल उलटी किंवा स्टँडवर. लुंगी नको, खांद्यावर पंचा नको. चाक फिरवताना फडकं धरून चेन पुसायची नाही, चेन आणि स्प्रॉकेटच्या मधे बोट गेलं की ते सहजासहजी बाहेर येत नाही. घरात पोरं असतील तर हे काम त्यांच्यापासून लांब करा, मी हे मनापासून सांगतोय.

आता चाक. मागच्या चाकाच्या तारा मोजा आधी. किटमधलं ४४ दातांचं स्प्रॉकेट नऊ बोल्टवर बसतं, तारांच्या आत-बाहेर रबराच्या चकत्या आणि मधे तारा, आणि ही मांडणी ३६ तारांच्या चाकासाठी केलेली आहे. आपल्याकडच्या जुन्या दांडीच्या मोठ्या सायकलींना मागे बऱ्याचदा ४० तारा असतात, तिथे नऊ बोल्ट तारांमधे समान बसत नाहीत, काही तारांवर दाब येतो, स्प्रॉकेट तिरकं बसतं, मग चेन कितीही ताणा. अशा वेळी ३६ तारांचं चाक घेणं किंवा हबवर घट्ट बसणारा अडॅप्टर करून घेणं हाच खरा उपाय, रबर वाढवून काही होत नाही. मग चाकाचा आउट काढून घ्या, म्हणजे तारा आवळून चाक सरळ फिरेल असं करा, छर्रे आणि ते धरणारे कोन तपासा, चाक हाताने डावी-उजवीकडे हलतंय का बघा, हलत असेल तर पुढचं सगळं मोजमाप खोटं येणार.

मग चिमट्याला, म्हणजे मागचं चाक धरणाऱ्या फ्रेमच्या पाइपला, एक पेन टेकवून धरा आणि चाक हळू फिरवा. दात पेनाच्या जवळ-लांब होतात का, आणि वर-खाली होतात का, दोन्ही बघा. जवळ-लांब होत असतील तर नऊ बोल्ट साधारण समोरासमोरचे थोडे थोडे आवळून सरळ करायचं, एकाच बाजूने आवळत गेलं की तिरकं होतं. वर-खाली होत असेल तर स्प्रॉकेट मध्यावर नाही, आणि त्याची खूण म्हणजे चेन एका जागी ताठ आणि अर्ध्या फेरीनंतर ढिली. चेन ताणताना नेहमी त्या ताठ जागेवर मोजायची, तिथे मधे बोटाने दाबल्यावर साधारण १२ ते १५ मिलिमीटर हलायला हवी. ढिल्या जागेवर ताणलीत तर ताठ जागेवर ती बेअरिंग आणि एक्सल ओढून घेणार.

पुढच्या छोट्या १० दातांच्या चक्रीचं कव्हर काढा. आपल्याकडची जांभ्याची लाल धूळ तेलात कालवून तिथे घट्ट बसते, पावसात तर चिखलच, आणि चेन उतरून त्या जागेत गोळा झाली की केसिंगला चीर जाऊ शकते. खरवडून साफ करा, दात कोयत्याच्या टोकासारखे वाकडे झाले असतील तर चक्री बदला. मग पुढच्या चक्रीपासून मागच्या स्प्रॉकेटपर्यंत सरळ पट्टी लावून लाइन बघा. तिरकी असेल तर मागचं स्प्रॉकेट बशीसारखं वाकवलेलं असतं ते उलटं फिरवून लावता येतं, फक्त टायर घासत नाही ना ते बघा.

आता टेन्शनर, आणि इथे जरा थांबा. मागच्या एका एक्सलवर दोन चेन आहेत, उजवीकडे पॅडलची, डावीकडे इंजिनची. एक्सल मागे ओढून एक ताणली की दुसरीही ताणली जाते, म्हणून तर टेन्शनर लागतो. क्रम असा ठेवा, आधी एक्सलने पॅडलची चेन बरोबर करा, मग इंजिनच्या चेनमधून कड्या कमी करून तिला शक्य तेवढी जवळ आणा, हाफ लिंकमुळे अर्धा इंच इकडे-तिकडे करता येतं, आणि टेन्शनरवर उरलेलं अगदी थोडं काम ठेवा.

इंजिन ओढतं तेव्हा चेनची वरची बाजू ताठ असते, खालची सैल, म्हणून टेन्शनर खाली असतो. पण पॅडल मारून क्लच सोडून इंजिन चालू करताना चाक इंजिनला फिरवतं, तेव्हा खालची बाजू ताठ होते आणि सगळा झटका टेन्शनरवर येतो. घाटी उतरताना थ्रॉटल बंद केला तरी तेच. म्हणजे सड्यावरून खाडीकडे उतरणाऱ्या आपल्या रस्त्यांवर टेन्शनर जेवढा मार खातो तेवढा सपाट मुलखात खाणार नाही. गोल चिमट्यावरचा क्लॅम्प फिरला की टेन्शनर तारांमधे जातो, मागचं चाक जाम, तेही उतारावर. क्लॅम्पखाली ट्यूबचा तुकडा घालून भागत नाही. एक मजबूत पट्टी टेन्शनरपासून एक्सलच्या नटपर्यंत न्या, किंवा वेल्डिंगवाल्याकडून चिमट्यावर एक कान जोडून घ्या. चिमट्याला आरपार भोक पाडायला सांगणारे भेटतात, पातळ पाइप असेल तर मी करणार नाही.

चेन शेवटी. खाऱ्या वाऱ्यात उभी राहिलेली चेन बाहेरून बरी दिसते आणि आत कड्या जाम असतात, एकेक कडी बोटाने वाकवून बघा. २४ कड्यांचं अंतर १२ इंच, म्हणजे ३०४.८ मिलिमीटर असायला हवं, ते ३०८ च्या आसपास गेलं असेल तर चेन टाका, झिजलेल्या चक्रीसकट. नाहीतर रॉकेलमधे धुवा, सुकवा, प्रत्येक रोलरवर गियर ऑइलचा थेंब, बाहेरचं पुसून टाका. वरून ग्रीस थापू नका, पुळणीची वाळू आणि धूळ त्यालाच चिकटते. लॉकची बंद बाजू चेन ज्या दिशेने पळते तिकडे, वरच्या बाजूला बघत असाल तर पुढे.

एक गोष्ट कायद्याची, २५ सीसीच्या वरचं इंजिन लावलं की ती मोटार वाहन धरली जाते, नोंदणी आणि लायसन्सचा प्रश्न येतो, तेव्हा ट्रायल आपल्या बागेत किंवा खाजगी जागेत घ्या. थोडं फिरवून थांबा, नऊही बोल्ट परत आवळा, रबर पहिल्यांदा दबतंच, क्लॅम्पची खूण जागची हललीय का बघा, त्यासाठी आधीच रंगाची एक रेघ मारून ठेवा. मग छोटा उतार, थ्रॉटल बंद करून, आणि खाली पोचल्यावर पुन्हा तीच रेघ बघायची.