आजारपणातला नेम: छोटा धरा, म्हणजे टिकेल

धडधाकट असताना बांधलेला नेम आजारी अंगाला पेलत नाही. पहाटे अंघोळ, सोवळ्यातली पूजा, अकरा माळा, पोथीचा अध्याय, मंगळवारी प्रभादेवीच्या सिद्धिविनायकाची रांग. यातलं एक चुकलं की बाकीचंही हळूहळू सुटतं आणि वर ‘देवाचंही होत नाही आपल्याकडून’ ही टोचणी लागते. म्हणून नेम ठरवताना सगळ्यात वाईट दिवस डोळ्यांसमोर आणा. ताप आहे, पाठ धरलीय, रात्री झोप नाही, अशा दिवशीही जे होईल तोच नेम. बाकीचं जमलं तर जमलं.

हे माप साधारण २७ मण्यांच्या स्मरणीएवढं असतं. तेरा अक्षरी मंत्र सावकाश म्हटला तर स्मरणीला दोन-अडीच मिनिटं लागतात, १०८ मण्यांच्या माळेला नऊ-दहा. घड्याळापेक्षा गोळीला नेम बांधलेला बरा, कारण गोळी चुकवायची नसतेच. थायरॉइडची गोळी उपाशीपोटी घेतली की चहाला अर्धा ते एक तास थांबायचं असतं. ती मोकळी वेळ जपाला आयती मिळते. चांगल्या दिवशी पाच माळा करा, पण म्हणून दुसऱ्या दिवसापासून नेम पाच माळांचा करू नका. बहुतेकांचा नेम तिथेच मोडतो.

पडून जप चालतो. बोटांचे सांधे सुजले असतील तर मणी ओढण्यापेक्षा बोटाला लावायचं मोजणी यंत्र वापरा. उठवत नसेल तर मानसपूजा करा. सोळा उपचार लांबत असतील तर गंध, फूल, धूप, दीप, नैवेद्य हे पाच पुरतात. कॅथेटर म्हणजे लघवीची नळी किंवा पोटावर स्टोमाची पिशवी असेल तर सोवळ्याचा प्रश्न घरात निघतोच. तो आजीशी, सासूबाईंशी आधीच बोलून मिटवा. ऐन आरतीच्या वेळी नको.

साष्टांग नमस्कार घालून झटकन उठू नका. बीपीच्या, प्रोस्टेटच्या आणि मनाच्या आजारावरच्या काही गोळ्यांनी उभं राहताना रक्तदाब एकदम उतरतो आणि माणूस देव्हाऱ्यावरच कोसळतो. आधी बसा, मिनिटभर थांबा, मग उठा. चाळीच्या खोलीत किंवा वन रूम किचनमध्ये धूप-अगरबत्तीचा धूर दिवसभर कोंडतो. घरात कुणाला दमा असेल तर अगरबत्ती बंदच करा. ऑक्सिजनचं मशीन लावलं असेल तर निरंजन, कापूर, उदबत्ती यांपासून किमान दहा फुटांचं अंतर हवं. मुंबईतल्या घरात एवढं अंतर सापडणार कुठे? सरळ विजेचा दिवा लावा.

सगळ्यात मोठा घोळ होतो उपासात. मधुमेहाची ग्लिमेपिराइड ही गोळी किंवा इन्सुलिन घेऊन उपाशी राहिलं की शुगर ७० च्या खाली घसरू शकते. घाम सुटतो, हात थरथरतात, चिडचिड होते, मग असंबद्ध बडबड. माणूस शुद्धीवर असेल तर अर्धा पेला पाण्यात तीन चहाचे चमचे साखर घालून द्या आणि पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासा. व्होग्लिबोज ही मधुमेहाची गोळी चालू असेल तर साखर लवकर रक्तात उतरत नाही, तिथे ग्लुकोजची पावडरच लागते. ती देव्हाऱ्याशेजारी ठेवा. शुद्ध हरपली असेल तर तोंडात काही घालू नका, सरळ हॉस्पिटल गाठा. डापाग्लिफ्लोझिनसारख्या मधुमेहाच्या गोळ्यांवर लांबलचक उपास केला तर उलटाच धोका असतो. शुगर फारशी वाढलेली नसतानाही रक्तात किटोन (चरबी जळून तयार होणारी आम्लं) साठतात, उलट्या आणि पोटदुखी सुरू होते. त्यात ‘उपासाचं पचायला हलकं’ ही समजूत. साबुदाणा म्हणजे जवळपास निव्वळ पिष्ट, त्याची खिचडी शुगर चढवतेच.

किडनीच्या रुग्णांना तर उपासाचा फराळच अडचणीचा. बटाटा, रताळं, केळं, शेंगदाणे, शहाळ्याचं पाणी, सगळ्यात पोटॅशियम भरपूर. मनाच्या आजारावरचं लिथियम घेणाऱ्यांनी निर्जळी करू नये आणि मीठही एकदम तोडू नये. अंगातलं पाणी-मीठ कमी झालं की रक्तात लिथियम साठतं. हात जास्त कापतात, जुलाब लागतात, चालताना तोल जातो. अशी लक्षणं दिसली तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा. कोणताही उपास धरायच्या आठवडाभर आधी डॉक्टरांना विचारा, काही वेळा ते डोस बदलून देतात. नाही म्हणाले तर त्या दिवशी मौन पाळा किंवा आवडीचा एक पदार्थ सोडा. व्रत म्हणून तेवढं पुरे.

कॅन्सरच्या केमोमध्ये रक्तातल्या पांढऱ्या पेशी उतरलेल्या असताना आषाढीला वडाळ्याच्या विठ्ठल मंदिरातली गर्दी टाळा. कापलेली फळं आणि पंचामृतही नको. शिजवलेला, गरम प्रसाद चालतो. सिद्धिविनायकाचं दर्शन मोबाइलवर थेट मिळतं. ते घेण्यात काही कमीपणा नाही.

मनाचा आजार असेल तर पथ्य वेगळं. नैराश्यात जपात रस वाटत नाही, आरती ऐकून डोळे भरून येत नाहीत. हे आजाराचं लक्षण आहे, त्यात पाप काही नाही. अशा वेळी भाव शोधत बसू नका. नुसता ओठांनी जप करा, मोठ्याने करा, शक्यतो कुणासोबत करा. गोळ्यांचा गुण यायला बहुधा दोन ते सहा आठवडे लागतात. ‘नामाने बरं वाटतंय’ म्हणून त्या मध्येच बंद केल्या की आजार उलटतो.

ओसीडीत, म्हणजे तीच शंका आणि तीच कृती पुन्हा पुन्हा करायला लावणाऱ्या आजारात, नेमका नेमच शत्रू होतो: माळ चुकली असं वाटून पुन्हा पहिल्यापासून, हात पुन्हा धुणं, दिवा पुन्हा लावणं. इथे नियम एकच, चुकली तरी माळ पुढे न्यायची, परत फिरायचं नाही. सुरुवातीला जीव कासावीस होईल. उपचारात थेरपिस्ट हेच पायरीपायरीने करवून घेतात, तेव्हा त्यांना विचारून चाला. बायपोलरमध्ये, म्हणजे कधी नैराश्य तर कधी उन्माद अशा आजारात, रात्रीचं जागरण आणि पहाटेची काकड आरती दोन्ही टाळा, झोप तुटली की उन्मादाची लाट येऊ शकते. ‘देवाने मला निवडलंय’ असं ठाम वाटणं, झोपेची गरजच न भासणं किंवा आवाज ऐकू येणं याला साक्षात्कार न मानता डॉक्टरांना फोन लावा. गंभीर मानसिक आजारात दहा दिवसांच्या मौन शिबिरालाही जाऊ नका.

छातीत धडधड, घाबरेपणा असेल तर कपालभाती आणि भस्त्रिका नको, जोरजोरात श्वास घेतल्याने चक्कर आणि मुंग्या वाढतात. चार आकडे मोजत श्वास घ्या, सहा मोजत सोडा, पाच मिनिटं, श्वास न रोखता. जीव नकोसा झाला तर टेलिमानस या सरकारी हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर चोवीस तास चालू असतो. फोन फुकट आहे आणि मराठीत बोलता येतं. भूतबाधा म्हणून बांधून ठेवणं, मारणं, मिरचीची धुरी देणं हा महाराष्ट्रात २०१३ च्या कायद्याने गुन्हा आहे.

ओपीडीत केस पेपर काढून नंबर लागेपर्यंतचा वेळ जपाला उत्तम, फक्त डोळे मिटू नका, नंबर हुकतो. डायलिसिसचे चार तासही तसेच. फिस्टुलाचा, म्हणजे डायलिसिसच्या सुया टोचतात तो हात हलवायचा नाही, स्मरणी दुसऱ्या हातात घ्या. तीर्थ चमचाभर असलं तरी दिवसाच्या पाण्याच्या हिशोबात धरा. आयसीयूत फुलं आणि अंगारा नेऊ नका. एमआरआयच्या आधी तांब्याचं कडं, ताईत, धातूत गुंफलेला रुद्राक्ष काढून नातेवाइकांकडे द्या. ऑपरेशनच्या वेळी मनगटाचा गंडाही काढायला सांगतील. तो कापावा लागू नये म्हणून आदल्या रात्रीच सोडवून ठेवा.