मोठेपणी ऑटिझमची शंका आली तर: एक्यू टेस्ट घरी कशी भरायची आणि पुढे काय करायचं

माझं निदान ३९ व्या वर्षी झालं. त्याच्या आधी भाच्याचं झालं होतं, तो साडेतीन वर्षांचा होता, आणि डॉक्टर माझ्या बहिणीला जे जे विचारत होत्या ते शेजारी बसून ऐकताना मला सारखं वाटत होतं की हे सगळं तर माझंच चाललंय. त्या रात्री मोबाईल घेऊन बसले ते दोन वाजेपर्यंत, चार वेगवेगळ्या टेस्ट दिल्या आणि चारही घाईघाईत. तेव्हा कोणीतरी नीट बसवून सांगायला हवं होतं असं फार वाटतं, म्हणून हे लिहितेय.

आधी एक शब्दाचं. मराठीत स्वमग्नता म्हणतात पण मोठ्या माणसांच्या बाबतीत तो शब्द फसवतो. लोकांना वाटतं स्वतःतच रमणारा, दुसऱ्याचं काही नसलेला माणूस. मी तर आयुष्यभर दुसऱ्याला काय वाटलं असेल याच्याच काळजीत असायचे. त्यामुळे मी ऑटिझमच म्हणते.

तर, सुरुवात एक्यूपासून, म्हणजे ऑटिझम स्पेक्ट्रम कोशंटपासून करा. ही २००१ मध्ये केंब्रिजला सायमन बॅरन-कोहेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बनवलेली ५० प्रश्नांची प्रश्नावली आहे, केंब्रिजच्या ऑटिझम रिसर्च सेंटरच्या साइटवर फुकट मिळते. जिथे ईमेल आणि पैसे दिल्याशिवाय रिझल्ट दाखवत नाहीत अशा टेस्टच्या नादी लागू नका. लोकांत मिसळणं, लक्ष एकीकडून दुसरीकडे वळवणं, बारीक तपशील दिसणं, संवाद आणि कल्पनाशक्ती असे पाच भाग, प्रत्येकी दहा प्रश्न. प्रत्येक प्रश्नाला चार उत्तरं: पूर्ण सहमत, थोडं सहमत, थोडं असहमत, पूर्ण असहमत. आणि ही गोष्ट मला कोणी सांगितली नव्हती: मार्क देताना 'पूर्ण' आणि 'थोडं' सारखंच धरतात. त्यामुळे पूर्ण सहमत की थोडं सहमत यात वीस मिनिटं घालवू नका (मी घालवली होती, आणि माझ्यासारखी डोकी असलेले घालवणारच). फक्त बाजू ठरवा, हो की नाही.

प्रिंट काढा. मोबाईलवर नको, कारण खरी किंमत मार्कांची नाहीच, समासात तुम्ही काय लिहिता त्याची आहे. प्रत्येक उत्तराशेजारी एक उदाहरण लिहायचं, घडलेलं, जागा आणि साल आठवलं तर तेही. एका बैठकीत नाही होणार, दोन-तीन दिवस लागू द्या.

आता भरताना कुठे अडतं ते सांगते. पहिली अडचण उलट्या वाक्यांची. एक प्रश्न असा आहे की रोजच्या रूटीनमध्ये बदल झाला तर मला त्रास होत नाही. आता आपण मराठीत 'त्रास होत नाही ना?' असं कोणी विचारलं तर 'हो' म्हणतो म्हणजे होत नाही, आणि 'नाही' म्हटलं तरी होत नाही! वाचताना मनात मराठी करून उत्तर दिलं की असे दोन-तीन प्रश्न हमखास उलटे लागतात. उपाय साधा आहे, आधी 'मला त्रास होतो / नाही होत' हे कागदावर लिहा आणि मग सहमत-असहमत ठरवा. मार्क देतानाही साधारण निम्म्या प्रश्नांना सहमतीला मार्क आहे आणि बाकीच्यांना असहमतीला, त्यामुळे अंदाजाने बेरीज करू नका, सोबतचा मार्कांचा तक्ता वापरा.

दुसरी अडचण म्हणजे प्रश्न इंग्लंडमधले आहेत. पार्टीपेक्षा लायब्ररीत जायला आवडेल का, म्युझियमपेक्षा नाटकाला जायला आवडेल का. आपल्याकडे म्युझियमला शाळेच्या सहलीत एकदा गेलेले असतो आणि नाटकाला अख्खं घर जातं, दोन्हीचा अर्थ इथे वेगळाच होतो. अशा वेळी प्रश्नाच्या मागे काय आहे ते बघा. पार्टीच्या जागी मी गणपतीचे दिवस धरले. घरी आरतीला तीस माणसं, झांजा, कापराचा वास, एकाच वेळी चार जणी चार विषयांवर बोलतायत, आणि मी दरवर्षी न सांगता भांडी घासायला घ्यायचे. सगळे म्हणायचे किती कामसू पोर आहे. मोरीत नळाचा आवाज एकसारखा असतो आणि पाठ सगळ्यांकडे असते, एवढंच कारण होतं. हे मी समासात लिहिलं आणि पुढे डॉक्टरांनी ते दोनदा वाचलं.

तिसरी अडचण सगळ्यात मोठी, विशेषतः बायकांसाठी. आपण बऱ्याच गोष्टी शिकून घेतलेल्या असतात. फोनवर आपली बोलायची पाळी कधी हे कळत नाही, असा एक प्रश्न आहे. मला वाटलं, मला तर कळतं, नोकरीत दिवसाला पंचवीस फोन करते. मग लक्षात आलं की प्रत्येक फोनच्या आधी मी कागदावर पहिलं वाक्य लिहिते, गॅस एजन्सीला फोन करायचा असला तरी लिहिते, आणि समोरच्याने वेगळंच काही विचारलं की गडबडते. मग उत्तर काय द्यायचं? जमतं की नाही हे एक, आणि त्यासाठी किती मेहनत लागते हे दुसरं. मी उत्तर देताना आपोआप काय होतं ते धरलं आणि मेहनत समासात लिहिली. याच्यासाठी वेगळी प्रश्नावली पण आहे, कॅट-क्यू, २०१९ ची, २५ प्रश्न. आपण स्वतःला किती झाकतो, किती बघून बघून शिकतो हे ती विचारते. एक्यूचा स्कोअर कमी आला पण मन मानत नसेल तर ती जरूर भरा.

मार्कांचं म्हणाल तर ५० पैकी ३२ किंवा जास्त ही मूळ रेषा. पहिल्या अभ्यासात ऑटिस्टिक मंडळींपैकी सुमारे ८० टक्के त्या रेषेवर किंवा तिच्या पुढे होते आणि बाकीच्यांपैकी २ टक्के, बाकीच्यांची सरासरी १६ च्या आसपास. म्हणजे निदान झालेल्यांतलेसुद्धा पाचातला एक जण रेषेखालीच होता, हे विसरू नका. पुढच्या अभ्यासात २६ ही रेषाही सुचवली गेली. छोटी आवृत्तीही आहे, दहा प्रश्नांची, त्यात ६ किंवा जास्त आले तर पूर्ण तपासणीसाठी पाठवावं असं ब्रिटनमधल्या मार्गदर्शक सूचना सांगतात. रॅड्स-आर म्हणून ८० प्रश्नांची एक नेटवर फार फिरते, तिची रेषा ६५, पण ती मुळात तज्ज्ञासमोर बसून भरायची आहे आणि घरी एकट्याने भरली की भरपूर लोक रेषेच्या वर जातात. तिच्यावर एकटीवर भिस्त ठेवू नका.

आणि स्कोअर जास्त आला म्हणजे ऑटिझमच असं नाही. सोशल अँग्झायटी (लोकांत वावरायची भीती), एडीएचडी (लक्ष न टिकणं, चंचलपणा), ओसीडी (तेच तेच विचार, तीच तीच कृती), डिप्रेशन, लहानपणी घरात भोगलेलं काही, या सगळ्यातही हे आकडे वर जातात, आणि यातलं काही ऑटिझमसोबतही असतं. ढोबळमानाने सांगायचं तर अँग्झायटीवाल्या माणसाला काय बोलायचं ते कळत असतं पण भीती वाटते, आणि मला भीती नंतर वाटायला लागली, आधी कळतच नव्हतं. पण हे वेगळं करणं आपलं काम नाही, ते शिकलेल्या माणसाचं.

त्या माणसाला सगळ्यात जास्त लागतं ते तुमचं लहानपण. ऑटिझम मोठेपणी सुरू होत नाही, खुणा लहानपणी असायलाच लागतात, कोणाच्या लक्षात आल्या नसतील ते वेगळं. म्हणून आईला विचारा, मावशीला, मोठ्या भावाला. पण 'आई, मी लहानपणी वेगळी होते का गं?' असं नाही विचारायचं. मी विचारलं तर ती म्हणाली, काही नाही, छान होतीस, आपल्याकडे सगळे असेच आहेत, आणि डोळ्यात पाणी आलं तिच्या, तिला वाटलं मी तिला दोष देतेय. आठवड्याने मी दुसऱ्या पद्धतीने विचारलं: बालवाडीच्या पहिल्या दिवशी मी काय केलं? जेवणात काय खायचे नाही? कोणते कपडे घालायचे नाही? मग ती सुटलीच. जरीचा काठ टोचतो म्हणून परकर कधीच घातला नाही, वरणभातात लिंबू कोणी पिळलं तर ताट बदलून द्यावं लागायचं, आणि चिंचोके. ओसरीवर चिंचोक्यांची रांग लावायचे, मोठ्यापासून लहानापर्यंत, आणि शेजारची पोरं खेळायला आली की त्यांना रांगेला हात लावू द्यायचे नाही, पण खेळायचं काय हे पण सांगायचे नाही. हे सगळं जसंच्या तसं, तिच्या शब्दात लिहून घ्या. शाळेची जुनी प्रगतिपुस्तकं असतील तर शेरे बघा, माझ्या तीन वर्षांच्या शेऱ्यात 'हुशार आहे पण मिसळत नाही' हेच आहे. आई-वडील नसतील तर तेही डॉक्टरांना सांगा, तेवढ्याने काम अडत नाही.

आता जायचं कुणाकडे. मानसोपचारतज्ज्ञ किंवा क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट, सायकॉलॉजिस्ट असतील तर भारतीय पुनर्वास परिषदेची नोंदणी आहे का ते विचारा, विचारण्यात काही गैर नाही. अपॉइंटमेंट घेण्याआधी फोनवरच विचारा, 'मोठ्या माणसांचं ऑटिझमचं असेसमेंट तुम्ही करता का, किती केलीत?' मी हे विचारलं नव्हतं. पहिल्या ठिकाणी पाच मिनिटांत ऐकलं की तुम्ही तर व्यवस्थित बोलताय, लग्न झालंय, नोकरी आहे, तुम्हाला कसला ऑटिझम. मी दीड वर्ष गप्प बसले त्याच्यानंतर. तुमच्या बाबतीत असं झालं तर दीड वर्ष थांबू नका, दुसरीकडे जा.

नीट असेसमेंटमध्ये लांबलचक मुलाखत असते, बऱ्याचदा दोन-तीन वेळा जावं लागतं, घरच्या माणसाशी बोलतात, काही ठिकाणी अ‍ॅडॉस-२ ही समोर बसवून निरीक्षण करायची चाचणी वापरतात ज्यात मोठ्या माणसांसाठी वेगळा भाग आहे. रक्ताची तपासणी किंवा स्कॅन करून ऑटिझम सांगता येत नाही. आणि ऑटिझम बरा करून देतो म्हणून स्टेम सेल वगैरेचं पॅकेज कोणी समोर ठेवलं तर उठून या.

जाताना पन्नास प्रश्नांचा गठ्ठा टेबलावर ठेवू नका, कोणी वाचणार नाही. दोन पानं करा. पहिल्यावर लहानपण, दुसऱ्यावर आत्ता रोज काय जड जातं, प्रत्येकी सहा-सात उदाहरणं, आणि खाली एका ओळीत एक्यूचा आकडा. मुद्दाम शेवटी, कारण आकडा वर लिहिला की बोलणं त्या आकड्यावरच अडकतं.

सर्टिफिकेटचं प्रकरण वेगळं आहे. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात ऑटिझम आहे आणि यूडीआयडी कार्ड (दिव्यांगांचं सरकारी ओळखपत्र) मिळू शकतं, पण त्यासाठी सरकारी यंत्रणेतून इसा या भारतीय मापनावर तपासतात, ४० मुद्दे, प्रत्येकाला १ ते ५. त्यातले बरेच मुद्दे लहान मुलांकडे बघून केल्यासारखे आहेत, त्यामुळे निदान असूनही मोठ्या माणसाला तिथे दिव्यांगत्वाचे टक्के कमी पडू शकतात. त्यात निदान खोटं ठरत नाही. सगळ्यांना कार्ड लागतंच असंही नाही, मी अजून काढलेलं नाही.

हे सगळं करताना जुन्या गोष्टी वर येतात आणि रात्री त्रास होऊ शकतो. मला झाला. टेलिमानस ही सरकारी मानसिक आरोग्याची हेल्पलाइन, तिचा १४४१६ हा नंबर फुकट आहे, मराठीत बोलता येतं, ठेवा जवळ. आणि आईच्या आठवणींच्या वहीत पुढची दोन-चार पानं कोरी सोडा, माझ्या आईचा तर रिपोर्ट आल्यानंतरही फोन येतोय, परवा म्हणाली, अगं तो लाल स्वेटर तू उलटा घालायचीस, आतली शिवण बाहेर करून, ते लिहिलंस का?