आग विझलीय का, हे झाकण उचलून बघू नका

शाळेत जळत्या मेणबत्तीवर काचेचा ग्लास पालथा घालून दाखवतात. ज्योत मिणमिणते, विझते आणि आपण वहीत लिहितो: ऑक्सिजन संपला. खरं तर तो संपलेला नसतो. हवेत साधारण ७८ टक्के नायट्रोजन आणि २१ टक्के ऑक्सिजन असतो. ऑक्सिजन १५-१६ टक्क्यांवर आला की मेणबत्ती मान टाकते, उरलेला ग्लासातच असतो. आता विझलेल्या वातीतून वर चढणारी पांढरी रेघ बघा. आपण तिला धूर म्हणतो, पण ती बरीचशी मेणाची थिजलेली वाफ असते. पेटती काडी त्या रेघेला वरच्या वर लावली, तर ज्योत रेघेवरून खाली उतरते आणि वात पुन्हा पेटते. म्हणजे विझलेल्या आगीपाशी इंधन तयारच असतं, फक्त हवा आणि उष्णता हवी.

कढईतलं तेल पेटतं तेव्हा नेमकं हेच विसरलं जातं. पाणी ओतू नये, हे बहुतेकांना ठाऊक असतं. पाणी तेलाच्या तळाशी जातं, वाफ होताना सुमारे १७०० पट फुगतं आणि जळतं तेल छतापर्यंत उडवतं. शहाणा माणूस शेगडी बंद करतो, झाकण बाजूने सरकवत ठेवतो आणि मिनिटभरात ‘विझलं का’ म्हणून उचलून बघतो. तेल अजून इतकं तापलेलं असतं की हवा मिळताच ते काडीशिवाय भडकू शकतं, तेही चेहऱ्यासमोर. कढई पूर्ण गार होईपर्यंत झाकणाला हात लावू नका. पेटलेली कढई उचलून बाहेर न्यायचा मोह तर त्याहून वाईट.

बंद खोली ही मोठी कढईच समजा. आत आग धुमसत असेल तर दार उघडताच ताजी हवा आत शिरते आणि साठलेले तापलेले वायू स्फोटासारखे पेटू शकतात. आधी हाताची मागची बाजू दाराला लावा. दार गरम लागलं तर उघडू नका. कार्बन डायऑक्साइडचं अग्निशामक वापरलं तरी हीच गोष्ट: तो वायू हवा हटवतो, पण फारसा गारवा देत नाही. म्हणून फवारा मारून पाठ फिरवू नका. त्याचा भोंगाही, म्हणजे वायू बाहेर पडतो ते रुंद तोंड, धरू नका, हात गारठून भाजल्यासारखा होतो.

आता ऑक्सिजनबद्दल. ‘ऑक्सिजन पेट घेतो’ हे वाक्य चूक आहे, तो स्वतः जळत नाही, दुसऱ्याला जाळतो. पण त्यामुळे तो निरुपद्रवी ठरत नाही. हवेतलं त्याचं प्रमाण २१ वरून २४-२५ टक्क्यांवर गेलं तरी कापड, केस, गादी भराभर पेटतात. २७ जानेवारी १९६७ रोजी जमिनीवरच्या चाचणीत अपोलो १ या अमेरिकी अंतराळयानाच्या कुपीत शुद्ध ऑक्सिजन भरलेला होता. एका ठिणगीने तिन्ही अंतराळवीर गेले. घरी रुग्णासाठी ऑक्सिजनचा सिलेंडर किंवा कॉन्सन्ट्रेटर (हवेतून ऑक्सिजन वेगळा करणारं यंत्र) असेल तर नळी चालू ठेवून अंथरुणावर टाकू नका. ऑक्सिजन कापडात मुरतो, आणि यंत्र बंद केल्यावरही काही वेळ तिथेच राहतो. ‘एकच झुरका’ म्हणत नळी बाजूला केली, तरी कपडे आणि केस ऑक्सिजनने भरलेलेच असतात. व्हॉल्व्हला तेल किंवा ग्रीस लावणं तर अजिबात नको.

एलपीजीचा वास आला की पंखा किंवा एक्झॉस्ट लावणं ही ठरलेली चूक. दिवा चालू असला तर तो बंदही करू नका, बटण चालू करताना आणि बंद करतानाही ठिणगी पडते. हा वायू हवेपेक्षा जड, जमिनीलगत साचतो. हवेत साधारण २ टक्के मिसळला तरी पेटू शकतो. रेग्युलेटर बंद करा, दारं-खिडक्या उघडा, बाहेर जाऊन फोन करा. गळती काडीने नव्हे, साबणाच्या पाण्याने शोधतात. कोळसा अर्धवट जळताना तयार होणाऱ्या विषारी कार्बन मोनॉक्साइडला मात्र वास नसतो. शेगडी किंवा कोळसा बंद खोलीत पेटवून झोपू नका, एवढंच.

अंगावरचे कपडे पेटले तर पळू नका, पळताना ज्वाळेला वारा मिळतो. तोंड झाकून जमिनीवर लोळा. मग भाजलेल्या जागेवर २० मिनिटं नळाचं गार वाहतं पाणी सोडा. बर्फ, टूथपेस्ट, तूप काही नको. अंगठ्या आणि घड्याळ लगेच काढा, सूज आल्यावर निघत नाहीत. कातडीला चिकटलेलं कापड मात्र ओढू नका, ते डॉक्टरांकडे जाईपर्यंत तसंच राहू द्या.