श्रमदान आणि व्यायाम: दोन्हींसाठी एकच उद्दिष्ट कसे ठरवावे

नव्या वर्षाच्या तोंडावर एक सल्ला हमखास दिला जातो: व्यायामाचा एक संकल्प करा आणि समाजकार्याचा दुसरा. हा सल्ला पाळू नये. नोकरी करणाऱ्या माणसाला आठवड्यातून दोन-तीन मोकळ्या सकाळी मिळतात आणि हे दोन्ही संकल्प त्याच सकाळींवर हक्क सांगतात, त्यामुळे एक टिकतो आणि दुसरा मागे पडतो. बहुधा समाजकार्यच मागे पडते, कारण धावणे बंद केले तर स्वतःलाच जाणवते, पण टेकडीवरच्या रोपाला पाणी मिळाले नाही तर ते रोप घरी येऊन तक्रार करीत नाही. उद्दिष्ट एकच असावे आणि ते असे असावे की काम पूर्ण करण्यासाठीच शरीराला मेहनत करावी लागेल.

काम निवडणे. घरापासून चालत जाता येईल इतके जवळ, दर आठवड्याला लागणारे आणि अंगमेहनतीचे, एवढ्या तीन कसोट्या पुरेत. पुण्यात वेताळ टेकडी, हनुमान टेकडी, तळजाई, बाणेर-पाषाणची टेकडी अशा जागांवर रोपांना पाणी घालणारे आणि कचरा उचलणारे गट असतात. त्यांपैकी जवळचा गट गाठावा. जुलैतील एका रविवारचे वृक्षारोपण या कसोट्यांत बसत नाही. स्वतःच्या मनाने खड्डे खणून रोपे लावणे तर कटाक्षाने टाळावे, कारण टेकड्यांचा बराच भाग वन विभागाच्या ताब्यात आहे आणि तिथले गवताळ माळ हीसुद्धा जपण्याजोगी संपत्ती आहे.

शरीराचा अंदाज घेणे. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या शिफारशीनुसार प्रौढ माणसाने आठवड्याला १५० ते ३०० मिनिटे मध्यम श्रमाचा व्यायाम करावा आणि किमान दोन दिवस स्नायूंना ताकद लावणारे काम करावे. बोलता येते पण गाणे म्हणता येत नाही, इतका दम लागला की श्रम मध्यम समजावेत. रक्तदाब, मधुमेह किंवा हृदयाचा त्रास असेल तर आधी डॉक्टरांना विचारावे.

आकडा ठरवणे. खरी अडचण इथेच येते. मीही या टप्प्यावर बराच काळ अडखळत होतो, म्हणून याविषयी सविस्तर लिहितो.

पहिली गोष्ट म्हणजे आकडा कामाच्या मापात मांडावा. किलोमीटर, उष्मांक किंवा वजनकाट्याच्या मापात नव्हे. वजन तर शरीरातील पाण्यानुसार एका दिवसात किलोभर सहज हलते, त्यावर वर्षभराचा निश्चय उभा करू नये. उदाहरणार्थ, 'या उन्हाळ्यात आठ रोपांना आठवड्याला प्रत्येकी पाच लिटर पाणी' हे उद्दिष्ट घेऊ. एक लिटर पाण्याचे वजन एक किलो, म्हणजे आठवड्याला चाळीस किलो भार वर न्यायचा आहे. दोन्ही हातांत पाच-पाच लिटरचा एकेक कॅन घेतला तर चार खेपा होतात, त्या दोन दिवसांत वाटता येतात, आणि एका खेपेला चढ-उतार धरून अर्धा तास लागत असेल तर आठवड्याचे १२० मिनिटांचे श्रम झाले. उरलेली ३० मिनिटे एखाद्या दिवशी भरभर चालून पुरी करावीत. भार दमवणारा असेल तर ताकदीचे दोन दिवसही यातच साधतात. हिशेब मात्र प्रामाणिक हवा: आळ्याजवळ उभे राहून मारलेल्या गप्पा, छायाचित्रे आणि नंतरचा चहा ही मिनिटे यात धरू नयेत. सगळा भार एका हातात घेऊ नये, कंबर एका बाजूला झुकते आणि दुखते.

दुसरी गोष्ट याहून महत्त्वाची आहे. आकडे दोन ठेवावेत, वचनाचा एक आणि सरावाचा एक, आणि त्यांची गल्लत कधीही होऊ देऊ नये. वचनाचा आकडा गटाला सांगायचा असतो. तो आपल्या सर्वांत वाईट आठवड्यावरून ठरवावा; घरात आजारपण आहे, कार्यालयात वर्षअखेरची धावपळ आहे, पाहुणे आले आहेत, अशा आठवड्यात जेवढे जमेल तेवढेच कबूल करावे. आठ रोपांना पाणी घालण्याची ताकद असलेल्या माणसाने चारच रोपांचा शब्द द्यावा, असे माझे ठाम मत आहे. सरावाचा आकडा आपल्यापुरता असतो आणि तो शरीराच्या तयारीप्रमाणे वाढत जातो.

'फिटनेस वाढेल तसे काम वाढवत न्या' हा सल्ला अनेक जण देतात आणि तो घातक आहे. रोप नीट मूळ धरेपर्यंत त्याला दोन-तीन उन्हाळे पाण्याची गरज असते; फेब्रुवारीत उत्साहाने घेतलेली वीस रोपे एप्रिलच्या उन्हात आठांवर आणावी लागली, तर उरलेली बारा वाळतात, आणि ती दुसऱ्या कुणाच्या हाती सोपवायची संधीही निघून गेलेली असते. म्हणून हंगामाच्या मध्यात वचनाचा आकडा वाढवू नये. अंगात जास्त ताकद आली असेल तर ती गैरहजर सहकाऱ्याच्या रोपांसाठी वापरावी, त्या रोपांची जबाबदारी मात्र स्वतःच्या नावावर घेऊ नये.

सरावाचा आकडा वाढवतानाही वजन, खेपा आणि दिवस यांपैकी एका वेळी एकच गोष्ट वाढवावी आणि पुढची वाढ करण्यापूर्वी किमान दोन आठवडे जाऊ द्यावेत. स्नायू लवकर तयार होतात, पण त्यांना हाडांशी जोडणारे स्नायुबंध सावकाश बळकट होतात. दम लागत नाही म्हणून भार वाढवला की गुडघा किंवा टाच धरते आणि मग महिनाभर ना व्यायाम होतो, ना काम.

इथे कामाचा प्रकारही पाहावा लागतो, ज्याकडे जवळजवळ कुणी लक्ष देत नाही. पाणी घालताना भार वर नेला जातो आणि उतरताना कॅन रिकामे असतात, त्यामुळे गुडघे वाचतात. कचरा गोळा करताना नेमके उलटे होते: माणूस रिकाम्या हाताने चढतो आणि भरलेले पोते घेऊन उतरतो, आणि गुडघ्यांवर अधिक ताण उतारावरच येतो. ज्यांनी कचरा उचलण्याचे काम निवडले आहे त्यांनी आधी काही आठवडे घरच्या जिन्यावर एकेक पायरी सावकाश, तोल सांभाळत उतरण्याचा सराव करावा, तीव्र चढाने वर जाऊन सौम्य वाटेने खाली यावे आणि एक मोठे पोते भरण्याऐवजी दोन्ही हातांत दोन लहान पिशव्या घ्याव्यात. उचलताना कंबरेतून न वाकता गुडघ्यांतून वाकावे.

चढ ज्यांना झेपत नाही त्यांनी रक्तदानाचे उद्दिष्ट घ्यावे, तिथेही हेच दोन आकडे लागू पडतात. आपल्याकडच्या नियमांनुसार दात्याचे वय १८ ते ६५, वजन किमान ४५ किलो आणि हिमोग्लोबिन किमान १२.५ असावे लागते. पुरुषांना ९० दिवसांनी आणि स्त्रियांना १२० दिवसांनी पुन्हा रक्त देता येते. म्हणून वचन वर्षातून दोनदाच रक्त देण्याचे ठेवावे आणि सराव वर्षभराचा ठेवावा: रोजचे चालणे, पालेभाज्या, डाळी, सोबत लिंबू किंवा आवळा, आणि जेवणाला लागून चहा नाही, कारण चहामुळे अन्नातील लोह कमी शोषले जाते. रक्तदानानंतर दिवसभर जड व्यायाम करू नये. तांबड्या पेशी पूर्ववत व्हायला काही आठवडे लागतात, तेव्हा त्या काळात दम लवकर लागला तर घाबरू नये.

वर्षाची आखणी. ती इंग्रजी महिन्यांच्या समान तुकड्यांत न करता पुण्याच्या ऋतूंप्रमाणे करावी. पाणी घालण्याचे काम साधारण फेब्रुवारीपासून पहिल्या चांगल्या पावसापर्यंत चालते. पावसाळ्यात आळी नीट करणे आणि गवत काढणे, गणेशोत्सवात विसर्जन घाटांवर निर्माल्य वेगळे करणे, आणि पाऊस सरल्यावर गवत वाळू लागले की वन विभाग सांगेल त्याप्रमाणे जाळरेषांच्या, म्हणजे वणवा पसरू नये म्हणून गवत काढून मोकळ्या ठेवलेल्या पट्ट्यांच्या, कामाला मदत करणे, अशी कामे ओळीने येतात. निसरड्या वाटांमुळे टेकडी बंद पडते त्या आठवड्यांत पर्वतीच्या १०३ पायऱ्या किंवा सोसायटीचा जिना वापरावा. नियमितपणा मोडू देऊ नये. उन्हाळ्यात नऊच्या आत खाली उतरलेले असावे आणि स्वतःच्या पिण्याचे पाणी रोपांच्या पाण्यात धरू नये.

बदली माणूस. आपल्या रोपांची जागा दाखवलेला किमान एक माणूस हंगामाच्या आधीच ठरलेला असावा. रोपे नकाशावर दाखवून भागत नाही, त्याला सोबत नेऊन प्रत्येक आळे दाखवावे लागते. हे कामही हंगामाच्या आधीच उरकावे.

नोंद. वहीत तारीख, खेपा आणि दुखणे असेल तर ते, एवढेच लिहावे.

पाऊस स्थिरावला की जगलेली रोपे मोजावीत आणि पुढच्या हंगामाचा वचनाचा आकडा त्याच वेळी, वही समोर ठेवून ठरवावा. गेल्या हंगामात ज्या आठवड्यांत सर्वांत कमी खेपा झाल्या, ते आठवडे आधी शोधावेत आणि नवा आकडा त्यांच्यापेक्षा जास्त ठेवू नये.