पॅकेजचा पत्ता रनटाइमलाच विचारा
जावास्क्रिप्टमध्ये पॅकेजमधल्या (तयार कोडच्या संचातल्या) फाइलचा पत्ता हवा असेल तर 'नोड_मॉड्यूल्स' या पॅकेजच्या फोल्डरचा मार्ग कोडमध्ये हाताने जोडू नका. कोड चालवणारा रनटाइम नोड, डेनो किंवा ब्राउझर यांपैकी कोणताही असू शकतो. ब्राउझरमध्ये पॅकेजची नावं इम्पोर्ट मॅपवरून, म्हणजे कोणत्या नावाला कोणती यूआरएल या यादीवरून ठरतात, डेनो पॅकेज स्वतःच्या कॅशमधूनही उचलतो. तिथे हा मार्ग फसतो.

त्यापेक्षा 'इम्पोर्ट.मेटा.रिझॉल्व्ह' वापरा. पॅकेजचं नाव द्यायचं, पूर्ण यूआरएल मिळते. नोडमध्ये 20.6 पासून त्यासाठी फ्लॅग (नोड सुरू करताना द्यायचा खास पर्याय) लागत नाही, उत्तरासाठी थांबायला लावणारा 'अवेट'ही नाही.

मिळालेली यूआरएल 'फाइल://'ने सुरू होत असेल आणि तुम्हाला साधा पाथ हवा असेल, तर 'फाइलयूआरएलटूपाथ' या नोडच्या फंक्शनमधून काढा. पुढची अक्षरं नुसती छाटलीत तर फोल्डरच्या नावातल्या स्पेसचं '%20' तसंच राहतं आणि फाइल सापडत नाही.

पॅकेजने 'एक्स्पोर्ट्स'मध्ये (बाहेरून वापरायला खुल्या केलेल्या फाइलींच्या यादीत) न दिलेली आतली फाइल मागितली तर नोड एरर देतो. तिथे आडवाट शोधू नका. पुढच्या आवृत्तीत ती फाइल हललेली असू शकते.